पाचव्या मशीनवरचं ‘मान्य’

“मोठ्याने वाचा, सर. मागच्यांना ऐकू आलं पाहिजे.”

शीला म्हात्रेने स्क्रीन मालकांकडे, उत्तमरावांकडे वळवला. वागळे इस्टेटमधल्या त्या पत्रा कापायच्या कारखान्यात नऊ लेझर मशीन सकाळपासून गप्प उभी होती. दसऱ्याचे झेंडूचे हार अजून त्यांच्यावर सुकत होते. पूजेआधी सगळे कॉम्प्युटर नव्याने बसवले आणि मशीन चालवणारं सॉफ्टवेअरच चढेना.

कॉम्प्युटरवरचं लिनक्स मोकळं, कुणीही वाटावं असं. हे सॉफ्टवेअर तसं नव्हतं. बनवणारी कंपनी ते दुसऱ्याला वाटू देत नसे. म्हणून इथे नोकरीला असताना शीलाने ते बसवून देणारं एक छोटं पॅकेज बनवलं होतं. मूळ सॉफ्टवेअर त्यात नव्हतंच. पॅकेज ते कंपनीच्या साइटवरून आणायचं, फाइल तीच आहे ना ते ताडून बघायचं, करार दाखवायचं आणि ‘मान्य’ची वाट बघत थांबायचं. इस्टेटमधले सगळे कारखाने तेच वापरायचे.

उत्तमरावांना ते थांबणं खपलं नाही. करार चार मशीनचा. त्यांनी शीलाच्या नावाने ‘मान्य’ आधीच भरून ठेवलं आणि नऊ मशीन चालवली. कंपनीची नोटीस आल्यावर म्हणाले, “मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय? सगळं हिने केलं.” नऊ मशीन मात्र चालतच राहिली. त्यानंतर इस्टेटमध्ये तिला कुणी दारात उभं केलं नाही. तीन वर्षं ती कोपरच्या घरी बसून मिळेल ते काम करत होती.

गेल्या आठवड्यात कंपनीने फाइल बदलली आणि पॅकेजने ती नाकारली. दुरुस्ती दहा मिनिटांची. ज्यांनी विचारलं त्यांना शीलाने करून दिली. जाहीर मात्र केली नाही. ती एकाच फोनची वाट बघत होती, उत्तमरावांच्या. तो आज सकाळी आला.

“अगं, झालं गेलं सोड ना,” उत्तमराव हळूच म्हणाले. “दाब ते बटण.”

“बटण तुम्ही दाबायचं. आता पॅकेज मान्य करणाऱ्याचं नाव विचारतं.”

“वाचा की सर,” मागे जमलेल्या कामगारांतून कुणीतरी म्हणालं, “धडा चुकला तर छड्या नाय मारणार आम्ही.” हशा झाला.

उत्तमरावांनी घसा साफ केला. “सदर परवाना... चार मशीनपुरताच...”

“किती?”

“चार!”

त्यांनी चार मशीनवर चार वेळा स्वतःचं नाव टाइप केलं. एकेक मशीन घरघरत जागं झालं. शीलाला वाटलं होतं त्याहून ते गोड होतं.

पाचवं मशीन रघुचं. नोटिशीच्या दिवशी तिचं सामान खोपटच्या बसस्टॉपपर्यंत उचलून नेणारा हा एकटाच.

“ताई, माझं कधी चालू होणार?”

“दाबा सर,” शीला म्हणाली. “नाव तुमचंच लागेल.”

उत्तमरावांनी हात मागे घेतला. “पाच ते नऊ बंद. त्या पाच जणांनी उद्यापासून यायचं नाही.” आणि ते केबिनमध्ये गेले.

शीलाने सगळा हिशोब केला होता. हा तेवढा राहिला होता.

रघु मशीनपाशी गेला. त्याने हार काढून बाजूला ठेवला, मशीनवर प्लास्टिक घातलं आणि रोजच्यासारखी चारही टोकं नीट खोचली. शेजारच्या स्क्रीनवर प्रश्न तसाच थांबला होता, नावाची जागा रिकामी ठेवून. शीलाची बोटं कीबोर्डवर होती; कुणाचं नाव टाकायचं, तेवढंच ठरायचं होतं.