खालच्या पानाची सुरकुती

सर्वांत खालचे पान संपादकांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरले आणि हलकेच दाबले. पान टणक होते. त्यांनी समाधानाने चिमूट सोडली आणि पाण्याच्या तांब्याकडे ढुंकूनही न पाहता ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

शब्दकोशाच्या कचेरीतली ही खोली दोघांची होती. समोरासमोर दोन टेबले. एक संपादकांचे, दुसरे सहसंपादक बाईंचे. बाई आजारपणाची रजा घेऊन घरी गेल्यापासून दुसऱ्या टेबलावर तेवढे रोप उरले होते, लहानशा मातीच्या कुंडीतले, जाड, गुबगुबीत पानांचे. बाजारात त्याला सक्युलंट म्हणत. मराठीत काय म्हणावे यावर दोघांनी अख्खा हिवाळा वाद घातला होता. संपादक ‘रसपर्णी’वर अडून बसले होते, बाई ‘जाडपानी’वर, आणि शब्द अजून कोशाच्या उंबऱ्याबाहेर ताटकळत उभा होता.

निघताना बाईंनी त्यांना बजावले होते,

“खालच्या पानावर सुरकुती पडली की पाणी घाला. भरपूर, तळातून निथळेपर्यंत. एरवी विसरून जा त्याला.”

आणि पिशवी खांद्याला अडकवता अडकवता म्हणाल्या होत्या,

“मला भेटायलाबिटायला येऊ नका हं. काही लागलं तर मी कळवीन.”

संपादकांची सारी हयात एकाच तत्त्वावर गेली होती: लिहिणाऱ्याने जे लिहिले आहे ते वाचावे, त्याच्या मनात काय असावे याचे तर्क लढवू नयेत. असे तर्क लढवणाऱ्यांची त्यांनी प्रस्तावनांमधून अतिशय सभ्य भाषेत सालटी काढली होती. तेव्हा बाईंच्या आज्ञा त्यांनी शब्दशः पाळल्या. पाणी घातले नाही. भेटायला गेले नाहीत. फोनही केला नाही. कारण बाई कळवणार होत्या, आणि त्यांनी काही कळवले नव्हते.

कचेरीतल्या इतरांना तत्त्वाची अशी काही अडचण नव्हती. ते सगळे लगोलग बाईंकडे जाऊन आले. संचालकांनी करकरणाऱ्या प्लॅस्टिकमधला पुष्पगुच्छ नेला. फोटो काढला गेला, आणि त्यात रुग्ण सोडून प्रत्येकाचा चेहरा प्रसन्न होता. सूचनाफलकावर लावलेल्या त्या फोटोकडे संपादकांनी एखाद्या हस्तलिखितातल्या भ्रष्ट पाठाकडे पाहावे तसे पाहिले आणि ते पुढे गेले.

“सर, झाडाला पाणी घालता की नुसतेच गालगुच्चे घेता त्याचे?” संगणकावर मजकूर चढवणाऱ्या बाईंनी दारातून विचारले. त्यांच्या जिभेला हाड नव्हते आणि टंकलेखनात चूक नसे. म्हणून संपादक त्यांचे ऐकून घेत.

“वेळ आली की घालीन.”

“आणि वेळ आली हे कोण सांगणार?”

“पान सांगेल.”

“बाईंकडेही अजून फिरकला नाहीत म्हणे.”

“त्यांनी नको म्हटलंय.”

“कमाल आहे!” त्या मुद्रितांचा गठ्ठा टेबलावर आदळत म्हणाल्या. “तुमची आणि या झाडाची जातकुळी एकच बघा. दोघांनाही कुणाचं काही लागत नाही.”

त्या गेल्यावर संपादकांनी एक नोंद हाती घेतली. अर्थ दोन होते, आधार एकालाच मिळत होता. “बाई, या दुसऱ्या अर्थाला तुमच्याकडे...” ते म्हणाले, आणि वर पाहिले. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर बाईंची शाल तशीच होती. अडलेल्या नोंदी हल्ली ते बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवत. आता ती चवड कुंडीच्या उंचीला आली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर ते ओट्याशी उभ्या उभ्याच जेवत. बसायचे तर दोन खुर्च्यांपैकी कोणती, हा प्रश्न उगाच उपस्थित होई.

एके दिवशी पानाने सांगितले. चिमटीत ते मऊ लागले आणि त्यावर बारीक, आडवी सुरकुती होती. संपादक इतके हरखले की कुंडी घेऊन बेसिनकडे जाताना त्यांनी संचालकांना चक्क नमस्कार केला. तळातून पाणी निथळेपर्यंत त्यांनी ती नळाखाली धरली. संयम असला की खूण आपोआप मिळते, हे सिद्ध झाले होते. बाईंचाही निरोप असाच येईल. अजून आला नाही याचा अर्थ एवढाच, की पान टणक आहे.

पण सुरकुत्या वाढल्या. पाणी कमी पडले असा निष्कर्ष काढून त्यांनी ते पुन्हा घातले. त्यानंतरच्या सकाळी चिमटीत धरलेले पान सुटून हातातच आले, काचेसारखे पारदर्शक झालेले, पाण्याने फुगलेले. त्याच्या शेजारचेही आले.

त्यांनी जुन्या मुद्रितांवर कुंडी उपडी केली. मातीचा नुसता चिखल झाला होता. मुळे काळी पडली होती आणि कुबट दर्प येत होता. ही ओल त्यांच्या दोन वेळच्या पाण्याची नव्हती.

“एवढं पाणी आलं कुठून?” त्यांनी विचारले. आवाज वाढवला नव्हता, पण दाराशी माणसे जमली.

“मी आपलं घरी जाताना बाटलीतलं उरलेलं ओतायचो,” हिशेबनीस म्हणाले. “तुम्ही घालत नव्हता ना, म्हणून.”

“अगंबाई, तुम्हीपण?” संगणकावरच्या बाई म्हणाल्या. “मी जेवणाच्या सुट्टीत घालायचे. रोज नाही हं. म्हणजे... रोजच.”

संचालकांनी घसा साफ केला. “अधूनमधून मीही. आपल्या बाईंचं झाड म्हटल्यावर...”

संपादकांच्या ओठांवर वाक्य तयार होते. उरल्यासुरल्या पाण्यालाच जिव्हाळा समजणाऱ्या जमावाविषयीचे ते एक लांब, निर्दोष, थंडगार वाक्य होते, आणि त्यातला प्रत्येक शब्द प्रत्येकाच्या मापाचा होता. त्यांनी बोट उगारले. त्या बोटाला चिखल लागला होता, आणि तो पहिल्यांदाच लागला होता. रोज सकाळी त्यांनी पान तपासले होते. पेरभर खाली असलेल्या मातीत बोट एकदाही घातले नव्हते. तहानेने पान सुरकुतते. मुळे कुजली की चिखलात उभे राहूनही ते तसेच सुरकुतते. पानावरून दोन्हींत फरक कळत नाही. त्यासाठी माती चाचपावी लागते. बाईंनी एवढे सांगितले नव्हते, आणि त्यांनी विचारले नव्हते.

वाक्य त्यांनी गिळले.

“शेंडा चांगला आहे,” ते म्हणाले. कागद कापायच्या सुरीने त्यांनी तो वेगळा केला आणि रुमालात गुंडाळला.

“निघालात कुठे, सर?” संगणकावरच्या बाईंनी विचारले.

“बाईंकडे.”



दार बाईंच्या थोरल्या बहिणीने उघडले. त्यांचे हात ओले होते. संपादकांनी आपला हुद्दा सांगितला.

“म्हणजे सर ते तुम्ही.” त्या लगेच दारातून बाजूला झाल्या नाहीत. “सगळे येऊन गेले. तुमचीच वाट बघत होती ती.”

“त्यांनीच येऊ नका म्हणून सांगितलं होतं.”

“ते तिने सगळ्यांनाच सांगितलं होतं.”

बसची वेळ सांगावी इतक्या सहज त्या बोलल्या आणि पदराला हात पुसू लागल्या. संपादक उंबऱ्यातच उभे राहिले. या वाक्याला पाठभेद नव्हता.

आतल्या खोलीत बाई डोळे मिटून पडल्या होत्या. पलंगाएवढ्या जागेत त्या फारच थोड्या उरल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेली खुर्ची भिंतीशी होती. संपादकांनी ती आवाज होऊ न देता उचलली आणि पलंगाला लावली. रुमाल सोडून शेंडा खिडकीच्या कठड्यावर आडवा ठेवला.

“पाण्यात ठेवू का ते?” बहिणीने कुजबुजत विचारले.

“नको. काप सुकू दे आधी. मग कोरड्या मातीत.”

त्या खोलीबाहेर गेल्या. पांघरुणाबाहेर बाईंचा हात होता. त्याच्या पाठीवरची कातडी सैल, बारीक रेघांनी भरलेली. संपादकांची बोटे सवयीने चिमटीसारखी जवळ आली. त्यांनी ती उघडली आणि तळवा त्या हातावर ठेवला. हात गार होता.

“झाड गेलं ना?” बाईंनी डोळे न उघडता विचारले.

“गेलं.”

“तरी म्हटलं.” त्यांच्या ओठांची एक कड किंचित हलली. “त्याशिवाय तुम्ही यायचा नाहीत.”

बाहेर दाराची घंटा वाजली. कुणीतरी भेटायला आले होते. झोपली आहे, नंतर या, असे थोरल्या बहिणीने सांगितले. दार पुन्हा लागले. संपादकांनी हात काढला नाही.