टबाच्या बदल्यात गेलेली गल्ली

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला आहे आणि पाठीवर एक लाल टिकली चिकटलेली आहे. तड्याचं मला काही वाटत नाही, टिकलीचा मात्र मला भारी अभिमान आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण आयुष्य सुरू झालं ते जळकोटला. रामकिसन हमरस्त्यावर मालट्रक चालवायचे. त्यांनी मला उमरग्याच्या दुकानातून बायकोसाठी, कस्तुराबाईंसाठी आणलं. कस्तुराबाईंनी आरशावरची एक टिकली काढून माझ्या पाठीवर लावली. हरवला तरी ओळखू येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

गल्लीत माझ्याइतका चांगला कॅमेरा कुणाकडे नव्हता. त्यामुळे कुणाला आधार कार्डाचा फोटो काढून हवा असे, कुणाला बँकेच्या पासबुकाचा. शेजारच्या फातिमाबींच्या मुलीचं, फलकचं लग्न तर मी हळदीपासून बिदाईपर्यंत टिपलं. कस्तुराबाई कुणाला नाही म्हणत नसत. एकदा टॉर्चचं एक अ‍ॅप माझ्यात आलं. उजेड पाडण्यासाठी त्याला म्हणे घरातले सगळे नंबर आणि फोटो बघायचे होते! मला विचारलं असतं तर दारातूनच हाकललं असतं. पण त्यानं विचारलं कस्तुराबाईंना, तेही इंग्रजीत. त्यांनी पाहुण्याचं मन मोडू नये तसं 'होय' दाबलं. तेव्हापासून अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले आणि कस्तुराबाई प्रत्येकाशी अदबीनं बोलायच्या.

रामकिसन वाटेतून आवाज पाठवायचे, "जेवलीस का? म्या उमरग्याला पोचलो." पुढे आजारपणात ते गेले. कस्तुराबाई रोज दुपारी मला कानाशी धरून तेवढंच ऐकायच्या. त्या वेळी मला माझ्या कामाची खरी किंमत कळली.

मग मी बंद पडलो. मुलानं त्यांना नवा फोन घेऊन दिला. मला त्यांनी कपाटात साडीच्या घडीखाली ठेवलं. रामकिसनांचा आवाज माझ्याबरोबरच गेला, असंच त्यांना वाटलं. एके दिवशी गल्लीत सिदूची मोटारसायकल आली. जुना मोबाईल द्या, टब घ्या, असं तिच्यावरचा भोंगा ओरडत होता. बंद मोबाईलमध्ये काही उरत नाही, असं सिदूनं सांगितलं आणि मी निळ्या टबाच्या बदल्यात त्याच्या पोत्यात गेलो. माझा उजेड गेला होता, आठवण नाही. हे ओरडून सांगायला मला तोंड कुठे होतं?

पुढचं मी नंतर घरातच ऐकलं. सून हर्षाली उमरग्याच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवते. ती संध्याकाळी घरी आली, तेव्हा कस्तुराबाईंनी कौतुकानं टब दाखवला. हर्षालीचा चेहरा उतरला.

"आत्या, त्यात अख्ख्या गल्लीचं आधार हाय. फलकचं फोटू हायत. कुणाच्या हाती पडलं तर?"

कस्तुराबाई तशाच उठल्या. टबात भिजवलेली धुणी दगडावर ओतली आणि आधी फातिमाबींच्या दारात गेल्या.

"फातिमाबी, तुमचं बी म्या देऊन बसले. तुमाला इचारायचं सुचलंच न्हाय."

फातिमाबी चप्पल घालून त्यांच्यासोबत निघाल्या. टब परत करायला डोक्यावर घेऊन हर्षालीसह तिघी बसथांब्याकडे धावल्या. सिदू तिथे पोती बांधत होता. हे मोबाईल शहरात जातात, पुढे त्यांचं काय करतात ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं पोतं ओतलं. एकसारख्या काळ्या ढिगाऱ्यात टिकली लावलेला मी एकटाच होतो. कस्तुराबाईंनी मला उचललं आणि पदरानं पुसलं.

हर्षालीनं माझी बॅटरी बदलून आणली. मी जागा झालो आणि आधी रामकिसन बोलले, "जेवलीस का?" कस्तुराबाईंनी तोंडाला पदर लावला. हर्षालीनं ते सगळे आवाज नव्या फोनवर घेतले. अ‍ॅप कुठलंही असो, काय बघू द्यायचं आणि काय नाही, तेही तिनं आत्यांना दाखवलं. मग कस्तुराबाईंनी गल्लीला ओसरीवर बोलावलं.

"ज्याचं हाय त्यानं बघा. ठिवायचं का पुसायचं, तुमीच ठरवा."

फातिमाबींनी फलकचे फोटो तिला पाठवले आणि माझ्यातले स्वतःच्या बोटानं पुसले. मला वाईट वाटलं नाही. ज्याचं त्याच्या हाती गेलं.

मित्रांनो, आज गल्लीत पुन्हा सिदूचा भोंगा वाजतो आहे. मीही आता म्हातारा झालोय, जायला हवं. तुमच्या घरातही एखादा बंद मोबाईल पडला असेल. त्याला निरोप जरूर द्या, पण आधी त्याला रिकामं करा. आमच्या पोटात तुमचं घर असतं. ते परक्याच्या हाती देण्यापेक्षा विसरून जाणं आम्हाला सोपं आहे.

कस्तुराबाईंनी माझ्या पाठीवरची टिकली सोडवून नव्या फोनला लावली आहे. माझ्या काचेवर प्रश्न उमटला आहे, या वेळी मराठीत: सगळं पुसायचं का? त्यांनी तो सावकाश, अक्षर न् अक्षर वाचला. आता त्यांचं बोट 'होय'वर येतंय. ते बोट कुणाचं आहे, हे मला अजून आठवतंय.