बारा खाचा, एकच गवत

मित्रांनो, मी एक जुनी जेलची पेटी आहे. केसांना लावायचे जेल आठवले असेल, तर आधीच सांगते, त्याच्याशी माझे काही नाते नाही. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा माझा देह, एका टोकाला काळी तार, दुसऱ्या टोकाला लाल. कोपऱ्यात एक तडा आहे, पण तो चिकटवलेला आहे आणि मी गळत मुळीच नाही.

प्रयोगशाळेत गवताचे पान कुटून त्यातला डीएनए काढतात. त्याचे ठरावीक तुकडे दुसऱ्या यंत्रात संख्येने वाढवतात आणि माझ्या पोटातल्या पाण्यात बुडवलेल्या जेलच्या, खरवसासारख्या वडीवर, बारीक खाचांमध्ये सोडतात. वीज सुरू झाली की तुकडे लाल टोकाकडे धावतात. लहान पुढे, मोठे मागे. मग दिव्याखाली पट्ट्या चमकतात. या खुणांना इथले लोक मार्कर म्हणतात. कोणते रोप कोणाच्या नात्यातले, ते त्यांवरून कळते. तारा उलट्या लावल्या, तर डीएनए मागच्या मागे पळून पाण्यात जातो. माझ्यावर काम करणाऱ्या ताईने पहिल्याच दिवशी तो पराक्रम केला आणि माझ्यासमोर बसून रडली. तेव्हापासून आमची गट्टी.

ताईचे मामा एका तळ्याचे राखणदार होते. तिथे कुठूनसे परके गवत शिरले होते. मामा सहा वर्षे ते यंत्राने कापत होते आणि ते दुप्पट वाढत होते. पाण्याची कड दिसेनाशी झाली, पाखरे येईनाशी झाली. आता मोठे कापणी यंत्र घ्यायचे, असे ठरत आले होते. त्यावर शिक्कामोर्तब करायच्या बैठकीला पंधरा दिवस होते. हे गवत पसरते कसे ते शोधायला ताईने काठावरच्या बारा जागांचे बारा झुबके आणले.

बाराही खाचांत तंतोतंत सारख्या पट्ट्या आल्या! ताईच्या मोठ्या मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, एकाच नळीतलं बारा ठिकाणी ओतलंस का? आणि ही फुटकी पेटी अजून वापरतेस? टाक ती भंगारात."

मला फार लागले. माझे काम चोख होते, पण पेटीचे कोण ऐकतो? ताईने मात्र माझ्यावर खापर फोडले नाही. तिने नवी पाने कुटली, आठ निरनिराळे मार्कर लावले आणि शेजारी दुसऱ्या तळ्यावरच्या गवताचा तेरावा नमुना ठेवला. तेरावा वेगळा आला. बारा पुन्हा सारखेच!

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "चुकले गं मी. हे बियांनी पसरलेलं नाही. अख्ख्या काठावर एकच रोप आहे, तुकड्या-तुकड्यांनी वाढलेलं."

ताईचा चेहरा उतरला. ते तुकडे कोणी केले, हे तिला ठाऊक होते. तरी तिने मामांना बोलावून माझ्यासमोरच सगळे सांगितले.

"म्हणजे मी कापलं, तो तुकडा तुकडा..."

"रुजला, मामा."

"तुझ्या या डब्याचं ऐकून सांगतेस?" मामा तडक निघून गेले. ताई कितीतरी वेळ माझ्या झाकणावर हात ठेवून बसली होती.

बैठकीच्या दिवशी सकाळी मामा बादली घेऊन आले. कापलेले गवत त्यांनी घरी पाण्यात टाकून ठेवले होते. प्रत्येक कांडीला पांढरी मुळे फुटली होती.

"खोटं ठरवायला गेलो होतो," ते म्हणाले. "सहा वर्षं मीच लावणी करत होतो की गं! चल, बैठकीत मीच सांगतो. मोठं यंत्र नको, कुदळी द्या म्हणावं. मुळासकट काढतो."

आणि त्यांनी खरेच सांगितले, सगळ्यांसमोर, बादली टेबलावर ठेवून.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षे झाली. प्रयोगशाळेत नवी यंत्रे आली आणि मी फळीवर गेले. धूळ बसते. पण दरवर्षी मामा काठ धुंडाळून उरलेसुरले झुबके आणायचे आणि ताईला म्हणायचे, "तेच आहे का बघ. पण आपल्या जुन्या पेटीत लाव हं." तेवढ्यासाठी माझी आंघोळ व्हायची.

जुन्या वस्तूंना धुऊन-पुसून ठेवत जा, मित्रांनो. उत्तर मनाजोगे आले नाही म्हणून त्यांना भंगारात काढू नका; आधी तेरावा नमुना लावून बघा.

यंदाही ताईने मला धुतले, लाल तार लाल टोकाला लावली आणि वाट पाहत बसली. मामा आले. दारातच थांबून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

हात रिकामे होते.