पायाळूची उसण

सकाळी गॅलरीतली गवती चहाची कुंडी उन्हात सरकवायला वाकले आणि कमरेत उसण भरली. वाकले ती वाकलेलीच राहिले. समोरच्या टॉवरमधून कोणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, म्हातारी कुंडीच्या पाया पडते आहे.

कोणी बघत नव्हतं म्हणा. चिखलोलीच्या या नव्या इमारतींमध्ये दिवसा माणसं नसतात, नुसती कुलपं असतात. इथे स्टेशन होणार, भाव वाढणार म्हणून माझ्या मुलाने, समीरने, हा फ्लॅट घेतला. त्याची नोकरी मात्र पुण्यात. हे गेल्यावर अंबरनाथचं, शिवमंदिराजवळचं भाड्याचं घर सोडून मी इथे राहायला आले. फ्लॅट बंद राहायला नको आणि आई एकटी पडायला नको, असं समीर म्हणाला होता. त्यातलं पहिलं तरी साधलं.

घरात औषधांना तोटा नाही. ओवा, अडुळसा, कोरफड गॅलरीत आहे. निर्गुडीचं तेल मी स्वतः कढवते. गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधते, घशाला ज्येष्ठमध, पोटाला बाळहिरडा. शेजारपाजारच्या बायकांना वाटतं, कुंदाकाकूंना आयुर्वेदाचा नाद आहे. खरं सांगायचं तर दिवस जावा म्हणून मी एवढी खटपट करते. काढा उकळायला ठेवला की निदान त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं.

भिंत धरत स्वयंपाकघरात गेले, तव्यावर खडेमीठ तापवलं, फडक्यात बांधून शेक घेतला. मग तेल लावायला गेले, तर हात नेमका दुखऱ्या जागेच्या अलीकडेच अडला. दुसऱ्या हाताने बघितलं, तोही पोचेना. चिडून बाटली ओट्यावर आपटली.

उसणीवर माझ्या मते औषध एकच, आणि ते औषध म्हणजे मीच. मी पायाळू. जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी आले. पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते. तुम्ही मानू नका, पण दौलतराव मानायचे. अंबरनाथला देवळामागे त्यांची शेती होती. भाताची गोण उचलताना अडकले की असला धिप्पाड माणूस काटकोनात चालत यायचा आणि आमच्या दारापुढच्या ओट्यावर पालथा पडायचा. "लावा वैनी पाय, लाजू नका," म्हणायचा. मी तीनदा पाय लावला की उठून मलाच नमस्कार करायचा आणि दुसऱ्या दिवशी वांगी आणून द्यायचा. कमळाबाई तर गल्लीच्या तोंडापासूनच "कुंदे, आहेस का गं?" करत यायच्या. ओट्यावर कोणी आलं नाही असा आठवडा जात नसे.

पण पायाळूला स्वतःच्या कमरेला स्वतःचा पाय कसा लावता येणार?

समीरला फोन केला.

"आई, स्प्रे पाठवतो. दहा मिनिटांत येईल."

"स्प्रे नको रे. तुझ्या ओळखीत इकडे कोणी पायाळू आहे का?"

"आई, प्लीज यार. मीटिंगमध्ये आहे मी."

स्प्रे आला. आणणाऱ्याने तो दाराबाहेर ठेवला आणि बेल वाजवली. मी दाराशी पोचेपर्यंत लिफ्ट खाली गेलीसुद्धा होती.

मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, आपल्या बिल्डिंगमध्ये कोणी पायाळू असल्यास कृपया कळवावे, उसण भरली आहे. पुष्कळ उत्तरं आली. बरेच जण हसणारे चेहरे टाकून मोकळे झाले. एकाने फिजिओथेरपिस्टचा नंबर टाकला. एका बाईने लिहिलं, "काकू, आता कुठून पायाळू? बाळ पोटात उलटं दिसलं की डॉक्टर सरळ सीझर करतात." ते वाचून मी पलंगावर टेकले. खरंच की. पायाळू जन्माला येणंच बंद झालं आणि मला पत्ताही नाही. फार वाईट वाटलं, कोणाला सांगून कळणार नाही असं.

दुपारी बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली ऋता उभी होती. ती घरूनच ऑफिसचं काम करते, एकटीच राहते. आमची ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरती.

"काकू, तुमचा मेसेज बघून मी मम्मीला फोन केला. मम्मी बोलली, मी पण पायाळू होते. म्हणजे, तिच्या पोटात तशीच होते. मग लास्टला सीझर केलं."

एरवी मी तिला दारातूनच परत पाठवलं असतं. पायाळू म्हणजे आपल्या वाटेने पाय आधी आलेला. पोट कापून बाहेर काढलेल्याचे पाय आधी आले काय नि कान आधी आले काय. पण पोरीने माझ्यासाठी आईला फोन केला होता, आणि येताना पाय धुऊन आली होती. फरशीवर ओली पावलं उमटली होती.

"चालतं गं," मी म्हटलं. "पायाळू ते पायाळू."

सतरंजी घालून मी कशीबशी पालथी झाले. ती नुसतीच उभी.

"काकू, मोठ्या माणसांना पाय कसा लावू? पाप लागेल."

"लागलं तर मला लागेल. लाव तू."

तिने पाय ठेवला. आधी भीत भीत, मग जरा भार देऊन. टाच गार होती, पाण्याने ओलसर. माझ्या अंगाला शेवटचं माणूस कधी लागलं होतं ते मला आठवेना. समीर दिवाळीत येतो आणि नमस्कारही वरच्या वर करतो, गुडघ्यापर्यंत हात नेऊन. माझे डोळे भरून आले. तोंड सतरंजीत होतं म्हणून बरं. तिसऱ्यांदा पाय टेकला तेव्हा कमरेत काहीतरी सुटलं आणि उसण गेली. साफ गेली.

"गेली का काकू?" ऋताने खाली वाकून विचारलं.

हो म्हटलं की ही टाळ्या पिटणार, आईला कळवणार आणि लॅपटॉपपुढे जाऊन बसणार. थोडी उरली म्हटलं तर उद्या यावं लागेल. औषध कोणी अर्ध्यावर सोडतं का? मी कमरेवर हात ठेवून कण्हत उठले.

"थोडी आहे अजून. उद्या सकाळी परत लाव. चहा इथेच घे माझ्याबरोबर, गवती चहा घालून करते."

तिचं तोंड उतरलं. "म्हणजे नाही चाललं ना? मला वाटलंच होतं, सीझरवाल्यांचं नसेल चालत. मम्मी पण ना!"

"अगं चालतं. हळूहळू उतरते."

"नको काकू, माझ्यामुळे वाढली तर? मी खरी पायाळू नाहीच मुळी." तिने माझ्या पावलांना हात लावून नमस्कार केला. "सॉरी हां. तो फिजिओचा नंबर परत पाठवते तुम्हाला."

आणि गेली. मी तरातरा दारापर्यंत गेले, कुठेही काही दुखलं नाही. बेल वाजवून सांगायला हवं होतं, उसण गेली गं, तुझ्याच पायाने गेली. मग ती विचारणार, आत्ता खोटं का बोललात? तू उद्या यावीस म्हणून, असं समोरच्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? दौलतराव पुन्हा पुन्हा यायचे ते दर वेळी बरे होऊन जायचे म्हणून. इतकी वर्षं लोकांना पाय लावले आणि एवढं मला कळू नये.

संध्याकाळी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला दार उघडलं, तेव्हाच ऋतानेही तिचं दार उघडलं, पार्सल घ्यायला. माझा हात आपोआप कमरेवर गेला आणि मी वाकले.

"अजून दुखतंय काकू?"

"आहे जरा."

"नंबर पाठवलाय बघा. नक्की जा हां." तिने पार्सल उचललं आणि दार लावून घेतलं.

त्या दाराला बाहेर बघायचं भिंग आहे. ती बघत असेल म्हणून मी वाकूनच घरात आले.