आखूड चोचीचं घराणं

मी एक म्हातारं कबूतर आहे, मित्रांनो. मादी, रंगाने तांबडी आणि स्वभावाने उतावीळ. मला एका जागी बसवत नाही. आत्ताही खुराड्याच्या या फळीवरून त्या फळीवर माझ्या येरझारा चालल्या आहेत, तेव्हा सांगता सांगता मी मध्येच उठले तर रागावू नका. समोरच्या कप्प्यात दोन अंडी आहेत आणि त्यांतल्या एकातून सकाळपासून टकटक ऐकू येते आहे. आत माझं नातवंड आहे. ते कवच फोडून बाहेर येईल की आतच राहील, हे कोणालाच ठाऊक नाही, कारण आमच्या घराण्यातलं एकही पिल्लू आजवर आपल्या चोचीने बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही. माझा जीव टांगणीला लागला आहे. वेळ जावा म्हणून मी तुम्हाला माझी हकीकत सांगते.

आम्ही गिरकीबाज. सरळ उडता उडता आम्ही अचानक मागच्या मागे कोलांटी घेतो, कधी एक, कधी लागोपाठ कितीतरी, आणि पुन्हा सरळ उडू लागतो. खाली माणसं टाळ्या पिटतात. त्यांना वाटतं आम्ही कसरत करून दाखवतो. खरं सांगू का? आम्हाला ती आवरतच नाही. तुम्हाला शिंक येते ना, तशी आम्हाला कोलांटी येते. माझ्या आईला यायची, तिच्या आईलाही यायची.

आमची दुसरी खूण म्हणजे चोच. गव्हाच्या दाण्याएवढी, गोल डोक्यात रुतून बसलेली. प्रदर्शनात परीक्षक मला हातावर घेत, चोच बघत आणि मान डोलावत. मग आमचा मालक असा काही फुगायचा, की त्याच्या सदऱ्याची बटणं तुटतील असं वाटायचं. मालक म्हणजे एक म्हातारा. पूर्वी तो घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान सुटलं, पण डोळ्याला लावायचं भिंग सुटलं नाही. दर हंगामात तो गच्चीवर स्टुलावर बसायचा, एकेक पिल्लू मुठीत धरायचा आणि भिंगातून चोच बघायचा. आखूड असेल तर पुन्हा खुराड्यात. जरा लांब असेल तर टोपलीत, आणि संध्याकाळपर्यंत टोपली कोणाच्या तरी घरी. त्याच्या वडिलांनी हेच केलं होतं आणि आजोबांनीही.

अशी निवडून निवडून उरलेली आमची चोच दिसायला सुरेख, पण काडीच्या कामाची नाही. आमच्या पिल्लांना आतून कवच फोडता येत नाही. म्हणून या घरात एक रीत होती. अंड्याचे दिवस भरले की म्हातारा वर यायचा, अंडं कानाला लावायचा आणि उजव्या अंगठ्याचं नख अलगद कवचाला लावायचा. मी अशीच जन्माला आले. जगात आल्यावर मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याचं नख. आम्हाला पिल्लांना धड भरवताही येत नाही. त्यासाठी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालची निळी कबुतरं दाई म्हणून ठेवलेली असत. तीच हो, पंखांवर दोन काळे पट्टे असलेली, तुमच्या खिडकीत घाण करतात ती. म्हातारा त्यांना फुकटे म्हणायचा, आणि पिल्लं मात्र त्यांच्याच पंखाखाली सरकवायचा.

थांबा हं, जरा बघून येते. टकटक चालू आहे.

तर या घरात सून आली, आणि ती शाळेत जीवशास्त्र शिकवणारी निघाली. तिची एक खोड होती. दुसऱ्या दिवशीचा धडा ती आदल्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता मोठ्याने म्हणून बघायची. समोर आम्ही. म्हणजे तिचा पहिला वर्ग आमचाच भरायचा. "मुलांनो," चादर झटकत ती म्हणायची, "फार पूर्वी लोक समजत, की प्रत्येक प्राणी आज आहे तसाच पहिल्यापासून आहे. मग खडकांत अशी हाडं सापडू लागली, ज्यांचे धनी आज कुठेच नाहीत. मग एकाला वाटलं, जिराफाने मान ताणली, म्हणून त्याच्या पोराची मान लांब झाली." इथे ती चिमटा तोंडात धरायची, त्यामुळे जिराफाचं पुढे काय झालं ते आम्हाला नीट कळलं नाही. पण त्यानंतरचा भाग मी कान देऊन ऐकायची. एक विद्वान जहाजातून जग फिरून आला आणि चक्क कबुतरं पाळू लागला. कबुतरवाल्यांच्या मंडळात जाऊन बसला, जोड्या कशा लावता ते त्यांना विचारू लागला. माणूस थोड्या पिढ्यांत एवढा फरक पाडतो, तर निसर्गात लाखो वर्षांत किती पडेल, असा त्याचा विचार. कितीतरी वर्षं त्याने तो छापला नाही. इतक्यात दूरच्या बेटांवर तापाने फणफणलेल्या दुसऱ्याच एका माणसाला नेमकं तेच सुचलं, आणि मग आपल्या या विद्वानाची छापायची धावपळ उडाली. एवढ्या मोठ्या विचारात आमच्या जातभाईंचा हात आहे, हे ऐकून मी त्या दिवशी दोन कोलांट्या जास्तच घेतल्या.

एकदा हाच धडा चालू असताना वर ससाणा आला. आम्ही सगळे हवेत होतो. ज्यांच्या कोलांट्या थोड्या, ते सटकले. माझ्या बहिणीची कोलांटी एकदा सुरू झाली की थांबायचीच नाही. ती उलटीपालटी होत खाली आली आणि ससाण्याने तिला तिथेच उचललं. सूनबाई ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हातारा तर दोन दिवस धड जेवला नाही. मला वाटलं होतं, हे बघितल्यावर दोघं आमच्यावरून भांडणार नाहीत.

पण भांडण झालंच. तेव्हा माझी दोन अंडी माझ्या पोटाखाली होती.

"बारीक दाणा खाऊन खाऊन यांची चोच आखूड झालीय," म्हातारा दाणे टाकता टाकता म्हणाला. "आमच्या आजोबांपासून बारीकच दाणा घालतोय आम्ही."

"दाण्याने असं काही होत नाही हो बाबा. लांब चोचीची पिल्लं तुम्ही टोपलीत भरून वाटून टाकलीत. उरली ती ही."

"आणि हे फुकटे? परवा म्हणत होतीस, की यांचं आणि माझ्या तांबड्यांचं नातं आहे?"

"रक्ताचं नातं आहे. सगळी पाळीव कबुतरं अशाच निळ्या, पट्टेवाल्या कबुतरांपासून आली."

म्हाताऱ्याच्या हातातला दाण्याचा डबा खाली आपटला. "म्हणजे माझं घराणं या टाकीखालच्या भिकाऱ्यांचं?"

"भिकारी म्हणा नाहीतर काही म्हणा," सूनही आता चिडली होती, "त्यांची पिल्लं आपली आपण बाहेर येतात. तुमच्या राण्यांची पिल्लं तुमच्या नखावर जगतात. एकदा लावू नका नख, मग बघा किती उरतात!"

"नाही लावणार! यंदा हातसुद्धा लावणार नाही. माझी जात दमदार आहे. आणि तूही मध्ये पडायचं नाहीस."

"मी कशाला पडतेय?"

तिचा नवरा, म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा, जिन्यापर्यंत आला होता. दोघांचे चेहरे पाहून तो आल्या पावली खाली गेला. तो शहाणा माणूस होता, पण मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

मित्रांनो, तोऱ्यात बोलून दोघंही मोकळी झाली. दिवस भरले ते माझ्या अंड्यांचे. दुपारी पहिल्या अंड्यातून टकटक सुरू झाली. मी उठले, बसले, फिरले. बाहेरून टोचून पाहिलं, पण माझी चोच नुसती घसरत राहिली. म्हातारा वर आला. पाण्याचं भांडं भरलेलं होतं, ते त्याने ओतून पुन्हा भरलं, अंड्याकडे पाहिलं आणि खाली गेला. मग सूनबाई आली. दोरीवरचे ओलेच कपडे काढून तिने खांद्यावर टाकले, अंड्याकडे पाहिलं आणि तीही गेली. सासऱ्याला वाटत होतं, सून नमेल. सुनेला वाटत होतं, सासरे नख लावतीलच, इतकी वर्षं लावत आले आहेत. ऊन उतरता उतरता टकटक मंद झाली आणि मग थांबली. मला वाटलं, दमून झोपलं असेल. मी त्याला ऊब देत तशीच बसून राहिले. ते झोपलं नव्हतं. मला दुःख झालं, आणि त्याहूनही जास्त राग आला.

उजाडलं तेव्हा दुसरं अंडं वाजू लागलं. जिन्यात पावलं वाजली आणि सूनबाई धावत आली, अर्धी वेणी तशीच सोडून. पाहते तर म्हातारा आधीच खुराड्यापाशी उभा. त्याने अंडं उचललं होतं, पण हात इतका थरथरत होता, की नख टेकवता येत नव्हतं.

"बाबा, द्या इकडे. माझं बोलणं गेलं खड्ड्यात."

"अगं, त्या टोकाकडून नको! बोथट बाजू वर धर. आधी कान लाव. कुठून वाजतंय?"

"इथून."

"मग तिथेच. हळू. घड्याळाचं झाकण उघडतात ना, तसं."

"मी कधी केलं नाही हो हे."

"मीसुद्धा कधीतरी पहिल्यांदाच केलं होतं. लाव नख."

तिने नख लावलं. कवचाचा टवका उडाला आणि आतून एक ओला, गुलाबी, कुरूप जीव श्वास घेऊ लागला. माझा मुलगा तो. मग तिने पहिलं अंडं हातात घेतलं, कानाला लावलं, आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "आपल्यामुळे," म्हातारा म्हणाला. दोघांनी मिळून ते कोपऱ्यातल्या कुंडीत पुरलं.

त्यानंतर कपडे वाळत घालताना तिचा धडा थोडा बदलला. "मुलांनो, निसर्ग निवड करतो असं आपण म्हणतो. पण तिथे निवडणारं कोणी नसतं. ससाण्याला आपण कोणाला निवडतोय हे कळत नाही, थंडीला नाही, दुष्काळालाही नाही. तिथे कोणाला जाब विचारणार?" मग ती थांबायची, माझ्याकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "इथे मात्र आम्ही होतो."

माझा मुलगा निळ्या दाईच्या पंखाखाली वाढला आणि वयात आल्यावर त्याने टाकीखालच्याच एका निळीला पसंत केलं. तिच्याभोवती गोल गोल घुमू लागला, मान फुगवू लागला. पूर्वी म्हाताऱ्याने त्याला केव्हाच वेगळं कोंडलं असतं. या वेळी तो स्टुलावर बसून नुसता बघत राहिला. भिंग त्याने खिशातून काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

त्या जोडीचीच ही अंडी. आत्ता म्हातारा कप्प्यासमोर बसला आहे, अंगठा तयार ठेवून. शाळेची पिशवी खांद्याला तशीच अडकवून सूनबाई शेजारी उभी आहे. दोघांत ठरलं आहे, की आधी पिल्लाला वेळ द्यायचा, पण जागचं हलायचं नाही. टकटक मंद झाली की लगेच नख.

मंद झाली का हो? मला मंद झाल्यासारखी वाटते. म्हाताऱ्याने हात पुढे केला. सूनबाईने श्वास रोखला.

कच्च!

कवचातून चोच बाहेर आली. निमुळती आणि लांब. आमच्या घराण्यात एवढी लांब चोच मी कधी पाहिली नाही. पिल्लाने ती गोल फिरवत कवच कापत नेलं, मानेने रेटा दिला, आणि अर्धं अंडं टोपीसारखं बाजूला पडलं. म्हाताऱ्याचा अंगठा तसाच हवेत राहिला.

"लांब आहे," तो म्हणाला.

"हो बाबा."

"प्रदर्शनात कोणी दारातसुद्धा उभं करणार नाही याला."

"नाही करणार. पंखांवर दोन पट्टेही येतील बहुतेक."

"येऊ देत," म्हातारा म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीबाही पाळाल, जोड्या लावाल, तुम्हाला आवडेल ते ठेवाल आणि नावडेल ते वाटून टाकाल. हौस जरूर करा. पण ज्याला तुम्ही आपल्या हौसेपायी दुबळं केलंत, त्याच्या अंड्याला कान लावून बसणं हे मग तुमचंच काम आहे. त्या वेळी आपला शब्द खरा करत बसू नका. आत कोणीतरी टकटक करत असतं.

हुश्श. आता मला जरा टेकायला हरकत नाही. पण नाही, थांबा, दुसरं अंडंही वाजू लागलं. सूनबाईने पिशवी खाली ठेवली आणि म्हाताऱ्याने स्टूल आणखी पुढे ओढलं.