घाट, की फेरी?

सॅडलर घाटाच्या पायथ्याची माणसं बर्फाबद्दल खुशाल खोटं बोलतात. कुठल्या उतारावर ताजा बर्फ पडलाय हे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. विचारलंच तर तोंड वाकडं करून "काही नाही रे, सगळा दगड झालाय" म्हणतात आणि स्वतः स्की खांद्यावर टाकून तिकडेच पळतात. त्यावरून कुणी कुणाशी भांडत नाही. रस्त्याबद्दल मात्र खोटं बोलायचं नाही. पहाटे जो पहिल्यांदा घाट ओलांडतो, तो वरून खालच्यांना फोन करतो. त्याने "या" म्हटलं की निघायचं, "येऊ नका" म्हटलं की वाद घालायचा नाही. सरकारी बातमी जागी होईस्तोवर घाट दोनदा बंद होऊन उघडलेला असतो, आणि माथ्यावरचा कॅमेरा निम्मा हिवाळा बर्फाखाली झोपलेला असतो. तेव्हा माणसाच्या शब्दावर गाडी घालायची, हीच तिथली रीत.

पॉली चर्नॉफला स्की करता येत नव्हतं. तिला रस्ते येत होते. डोंगरापलीकडच्या कोल्ड आयर्न या स्की रिसॉर्टला जायचे दोन मार्ग: एक घाटाचा, जवळचा पण लहरी, दुसरा सरोवराला वळसा घालून फेरीबोटीने पलीकडे नेणारा, दुप्पट लांब पण कधी बंद न पडणारा. दोन्ही फुटतात गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापाशी. एकदा घाटाला लागलं आणि वर फाटक बंद मिळालं, की परत येईपर्यंत सकाळची फेरीही गेलेली असते. म्हणून पंपावर उभं राहून जो काय तो निर्णय घ्यायचा, आणि पॉलीचा निर्णय चुकत नसे. शेजारीपाजारी तिला विचारून निघत. तिची मुलगी किरा सात वर्षांची असल्यापासून शर्यतींत उतरत होती, आणि आजवर एकाही शर्यतीला ती उशिरा पोहोचली नव्हती. पोरीच्या पदकांत निम्मं पदक आपलं, असं पॉली उघड म्हणायची आणि मनातून तर निम्म्याहून जास्तच धरायची.

प्रांताच्या संघाची निवड फेब्रुवारीतल्या एका शनिवारी होती. जिल्ह्यातून मुलींची एकच जागा. पॉली पंपावर गाडी चालू ठेवून थांबली होती. शेजारी किरा टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसलेली. फोन आला तो फर्नचा. फर्न कोल्ड आयर्नला, स्कीवाल्यांना उतारावर चढवणाऱ्या पाळण्यांवर कामाला. तिला उजाडायच्या आत घाट ओलांडावा लागे, त्यामुळे वरचा शब्द बहुतेक तिचाच असायचा.

"पॉली, घाटाने येऊ नकोस," फर्न म्हणाली. "वर बर्फाचा कडा सुरुंगाने पाडायला घेतलाय. दुपारपर्यंत सोडणार नाहीत कुणाला."

"दुपारपर्यंत? अगं, एवढा बर्फ पडला तरी कुठे?"

"वर पडलाय." फर्न जराशी थांबली. "फेरीने ये."

पॉलीने दुसरा प्रश्न विचारला नाही. उलट उपकार मानले. वीस वर्षांची मैत्रीण. पॉलीचा नवरा गेला तेव्हा वरची माणसं मयताला यावीत म्हणून वादळात पुढे गाडी घालून याच फर्नने सगळ्यांना खाली आणलं होतं. तिच्या शब्दावर पॉलीने डोळे मिटून दरीतसुद्धा गाडी घातली असती.

मग पॉली गाडी हाणत सुटली. तरी व्हायचं तेच झालं: धक्क्यावर पोहोचली तेव्हा फेरीची पाठ दिसत होती. पुढची येईपर्यंत ती धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिली, आयोजकांना फोन लावत राहिली, कुणी उचलेना म्हणून शिव्या देत राहिली. किरा गाडीत बसून सँडविच खात होती. पोरीच्या जिवाची नुसती घालमेल होत असेल, बिचारी दाखवत नाही, असं वाटून पॉलीचे डोळे भरून आले.

"शर्यतीच्या दुसऱ्या धावेला तरी उभी करतील तुला. मी बोलते ना त्यांच्याशी."

"असू दे गं आई," किरा म्हणाली.

दोघी पोहोचल्या तेव्हा शर्यत संपून उतारावरचे झेंडेही काढून झाले होते. गाड्यांच्या आवारात त्यांच्याच गावचा गॉर्ड भेटला.

"काय पॉलीबाई, आज रस्ता चुकलात? तुम्हीसुद्धा?"

"घाट बंद होता ना."

"बंद? एका हातात कॉफी धरून आलोय मी! थेंब सांडला नाही." मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज उतरवला. "जागा जॉसला मिळाली."

जॉस म्हणजे फर्नची भाची.

पॉलीच्या डोक्यात तिडीक उठली. तरातरा चालत ती पाळण्यांच्या रांगेपाशी गेली. फर्न लोकांना धरून बसवत होती.

"घाट बंद होता?"

फर्नने पुढचा पाळणा रिकामाच जाऊ दिला. "नव्हता."

"जॉससाठी जागा हवी होती तर माझ्या तोंडावर मागायची होतीस! मी दिली नसती, पण तू निदान माणसात राहिली असतीस. रस्त्याचं खोटं, फर्न? रस्त्याचं?"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. इथल्या माणसाला याहून वाईट काही म्हणता येत नाही. फर्नचा चेहरा पांढराफटक पडला. ती एवढंच म्हणाली, "किराला घेऊन घरी जा, पॉली. आणि सावकाश जा."

परतताना पॉलीने मुद्दाम घाटच धरला. काळाकुळकुळीत, कोरडा ठणठणीत रस्ता. प्रत्येक वळणावर ती फर्नचा उद्धार करत होती. साळसूद मेली, भाचीसाठी इमान विकलं, आता दारात उभी राहिली तर झाडूने हाणीन.

"आई, बस कर," किरा म्हणाली. "फर्नमावशीला मीच सांगितलं होतं तसं बोलायला."

पॉलीने माथ्यावरच्या फाटकापाशी गाडी बाजूला घेतली. फाटकाचा दांडा सरळ वर उभा होता.

"मला नाही उतरायचं शर्यतीत. कधीच नाही आता," किरा म्हणाली. "उन्हाळ्यात सांगितलं होतं तुला. शाळा सुरू झाल्यावर परत सांगितलं. तू म्हणालीस, नवे बूट घेऊ, मग बरं वाटेल."

"मग आज सकाळी सांगायचंस!"

"ऐकलं असतंस? ताप आला असता तर गोळी देऊन आणलं असतंस. कोच नको म्हणाला असता तर त्याच्याशी भांडली असतीस. तू फक्त रस्त्याचं ऐकतेस, आई. बाकी कुणाचं नाही. मावशी नाहीच म्हणत होती. मी रडले, तुला कळू देणार नाही अशी शपथ घातली तिला."

पॉलीने इंजिन बंद केलं. पोरीचं खरं होतं, हे तिला कळत होतं. पण त्याहून जास्त कळत होतं ते हे की दोघींनी मिळून आपल्याला फसवलं, आणि फसवायला नेमकी तीच गोष्ट वापरली जिच्यावर आपण आंधळा भरवसा टाकला होता.

"मी धक्क्यावर जिवाचं रान करत होते," ती म्हणाली, "तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं."

"हो."

"आणि तू सँडविच खात होतीस."

"भूक लागली होती," किरा म्हणाली आणि रडायला लागली.

पॉलीने तिला जवळ घेतलं नाही. नंतर त्याचं तिला वाईट वाटलं, पण त्या क्षणी हात उचललाच गेला नाही.

घरी आल्यावर तिने फर्नला फोन केला.

"किराने सांगितलं मला. रांगेत बोलले ते माझं चुकलं. भाचीचं."

"जाऊ दे."

"पण तू नाही म्हणायला हवं होतंस."

"हो," फर्न म्हणाली. "हवं होतं. मी काय केलं ते मला माहीत आहे, पॉली. माफ कर."

"केलं," पॉली म्हणाली. आणि आपण केलं असंच तिला वाटलं. किराचे शर्यतीचे कपडे तिने माळ्यावर टाकले. किरा आता शनिवारी नुसती मजा करायला वर जाऊ लागली; गॉर्डची पोरं घाटाने नेत. घरात हसणंबोलणं पुन्हा सुरू झालं.

मार्च संपताना कोल्ड आयर्नचा हंगाम आटोपतो, त्या दिवशी वर सगळ्यांचं जेवण असतं. बोर्श्ट, म्हणजे बिटाचं सूप, दरवर्षी पॉलीचंच. रात्रभर बर्फ पडला होता. मोठं भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळून, मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून मायलेकी पंपावर आल्या. फोन वाजला.

"मोकळा आहे," फर्न म्हणाली. "आत्ताच आले. ये."

"बरं," पॉलीने फोन ठेवला.

किराने पट्टा ओढला. "चला, सूप गरम आहे तोवर!"

पॉलीने गाडी गियरमध्ये टाकली. डावीकडे घाट, उजवीकडे सरोवर. तिने घाटाकडे पाहिलं, वरच्या ढगाकडे पाहिलं, आणि गाडी उजवीकडे वळवली.

"आई? मावशी म्हणाली ना मोकळा आहे?"

"म्हणाली."

"मग?"

पॉलीने वेग वाढवला. त्या दिवशी फेरी वेळेवर मिळाली. सरोवराच्या मध्यावर आल्यावर ढग फाटला आणि घाटाची सगळी वळणं उन्हात उघडी पडली. एकामागोमाग एक गाड्या सुखाने वर चढत होत्या. त्यात गॉर्डचा लाल ट्रकही होता. फर्न खरं बोलली होती, आणि ते पॉलीला फेरीत बसूनच कळलं.

किराने त्या गाड्यांकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"वर पोहोचल्यावर मावशी विचारेल, एवढा उशीर का झाला," ती हलक्या आवाजात म्हणाली. "काय सांगू तिला?"

"खरं सांग," पॉली म्हणाली, आणि मागे वळून तिने भांड्यावरचं ब्लँकेट सारखं केलं.