शेवटची गाठ केबिनपाशी

माल बांधण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. हे मी नाही, ड्रायव्हर लोक सांगतात. वडिलांनी बैलगाड्या बांधल्या, मी चाळीस वर्षं उघडे ट्रक बांधले. वर ताडपत्री, तिच्यावर दोर, आणि शेवटची गाठ केबिनपाशी, म्हणजे ड्रायव्हरला आरशात दिसते. मागून सुरुवात, पुढे शेवट. झोपेतसुद्धा माझे हात असेच चालतील.

आता आले बंद कंटेनर. माल आत ढकला, दार लावा, सील ठोका, झालं! बांधणारा हवाय कशाला? जुन्या मालकांची मुलगी हल्ली कारभार बघते. ती म्हणाली, "काका, आता घरी आराम करा."

माझं डोकंच फिरलं. "ताई, दार लावलं म्हणून माल काय शहाण्यासारखा बसून राहतो? मागच्या दोन खेपांत किती काचा फुटल्या?"

तिने खेपांची वही चाळली. "बरं. आज काचेच्या दारांची कपाटं जाताहेत. तुम्ही बांधा. एक जरी हललं, तर उद्यापासून आराम."

कंटेनरच्या आत कपाटं एका भिंतीला लावलेली, दुसऱ्या भिंतीकडून माणूस जाईल एवढी वाट. शर्ट बाहेर खुंटीला अडकवला, मोबाइल त्याच्याच खिशात राहिला. दारापासून सुरुवात केली. या भिंतीच्या कडीतून त्या भिंतीच्या कडीत, आडवेतिडवे दोर ताणत आत आत गेलो. चौदा दोर. शेवटची गाठ केबिनच्या बाजूला मारली, हात झटकले आणि वळलो.

मागे पत्रा, पुढे चौदा दोर, मधे मी. अरे देवा! उघड्या ट्रकवरून गाठ मारली की खाली उडी टाकायची. इथे उडी टाकू कुठे?

गाठी सोडल्या असत्या तर बाहेर पडता आलं असतं. पण आपणच मारलेल्या गाठी, त्याही आजच्या दिवशी? जीवावर आलं. विचार करतोय तोवर, काम उरकलं समजून बाहेरून कोणीतरी दार धाडकन लावलं. मी बोंब ठोकली, पण इंजिनापुढे कोण ऐकतंय? गाडी निघाली.

पहिल्या गतिरोधकाला डोकं आपटलं. वळणावर खांदा, ब्रेकला गुडघा. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू! पण कान कपाटांकडेच. चाळीस वर्षं माल बांधून रवाना केला, त्याच्याबरोबर कधी गेलो नव्हतो.

अर्ध्या तासाने गाडी वजनकाट्यावर थांबली. मालाबरोबर केबिनमधून आलेल्या ताईशी काटेवाला हुज्जत घालत होता, ते पत्र्याआडून ऐकू आलं.

"कागदापेक्षा साठ किलो जास्त भरतंय, बाई."

"शक्यच नाही. मी स्वतः मोजून घेतलंय."

मी होता नव्हता तेवढा जोर लावून पत्रा बडवला.

सील तोडलं, दार उघडलं. ताईने टॉर्च मारला. दोरांच्या पलीकडे मी, कपाळावर हे एवढं टेंगूळ.

"काका!" ती दोराला धरून आत वाकली. "लागलं का फार?"

"ते राहू दे. आधी कपाटं बघ."

हात पोचेल त्या प्रत्येक कपाटाला तिने धक्का देऊन पाहिला. टॉर्च एकेका काचेवरून फिरवला.

"काहीच हललं नाही?" तिने विचारलं.

"मी हललो," म्हटलं. "माल नाही."

ती हसली, मग डोळे पुसले. ड्रायव्हर पहिल्या गाठीशी झटत होता, ती काही सुटेना.

"उद्या आठला या, काका," ती म्हणाली. "फक्त सुरुवात केबिनकडून करा."